लेझर राहू द्या, आधी स्टूल द्या

पोटरीवर चार निळ्या-जांभळ्या रेघा उमटल्या की बाई रुग्ण ठरते की गिऱ्हाईक, हे ती कुठल्या दारात शिरते त्यावर असतं. मी ज्या क्लिनिकात शिरले तिथे मला उभं करून पाय पाहण्याची तसदीही कुणी घेतली नाही. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीचं नाव नाही. थेट लेझर पॅकेजचं गुळगुळीत पत्रक हातात! सूज येते का, दुखतं का, दिवसभर काम काय करता? छे! हप्त्यांची सोय तेवढी अगत्याने समजावली.

तर ऐका. मिलिमीटरभरही जाड नसलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या या शिरा बहुतेकदा निरुपद्रवी असतात. डोळ्यांना खुपत असतील तर खुशाल इंजेक्शन घ्या, त्या पुसट होतात. पण नव्या येणार नाहीत, अशी हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. 'कायमची सुटका' हे फक्त पत्रकावर छापलेलं असतं.

आणि ज्यांचे पाय खरंच भरून येतात, त्यांचं काय? आनुवंशिकता, बाळंतपणं, वय ही कारणं आहेतच; पण तासन् तास उभं राहणं हे माणसाने लादलेलं कारण आहे. चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. एका जागी खिळलं की ते काम थंडावतं आणि सगळा भार शिरांतल्या झडपांवर येतो. कुठल्याही शोरूममध्ये संध्याकाळी काउंटरमागे नजर टाका. सँडलचा पट्टा सुजलेल्या घोट्यात रुतलेला, एक पाय हळूच दुसऱ्या पोटरीवर घासला जातोय. दुकानात चिटपाखरू नाही, तरी पोरगी उभीच. कारण बसलेली बाई म्हणजे कामचुकार, असा शेठचा समज!

उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने कायद्यातल्या कलम ४४ने सांगितलं, पण कारखान्यांपुरतं. केरळात दुकानांतल्या बायकांनी झगडून २०१८ साली हा हक्क मिळवला. २०२१ साली तामिळनाडूनेही कायदा बदलला. आपल्या शोरूममध्ये एसी आहे, अत्तराचा फवारा आहे, स्टूल तेवढं शोधून दाखवा.

घोट्याजवळची कातडी काळवंडली, जखम भरेना किंवा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाहीतर चाला, बसल्यावर पाय उंच ठेवा आणि पत्रकं रद्दीत घाला. आणि पुढच्या खरेदीला शेठला चारचौघांत विचारा, "या मुलीचं स्टूल कुठंय?" उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.