बारीक झालास रे!

दिवाळीत तळोद्याला घरी गेलो की स्वागत ठरलेलं असतं. "बारीक झालास रे, पुण्यात जेवायला मिळत नाही का?" मी सध्या जिममध्ये ट्रेडमिलवर पळतोय, चार किलो उतरवलेत, त्यामुळे हे ऐकून मी आपला खूष!

यावेळी शाळेतला एक जुना मित्र भेटला. त्याला एचआयव्ही आहे. (त्याला विचारूनच लिहितोय, पण नाव विचारू नका.) गोळ्या वेळेवर चालू आहेत, रक्तातला व्हायरस तपासणीत सापडणार नाही इतका कमी. पण पोट सुटलंय आणि शुगर वर सरकतेय. म्हटलं, "चल भो, पहाटे अक्कलकुवा रस्त्याने पळू." तर म्हणाला, "पळेन रे. पण वजन उतरलं ना, की गाव म्हणेल याला काहीतरी झालंय."

मी गप्पच झालो.

त्याची भीती उगाच नाही. सरकारने मोफत एआरटी औषधं 1 एप्रिल 2004 पासून द्यायला सुरुवात केली, राज्यात पहिल्यांदा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. त्याआधी एचआयव्ही म्हणजे हाडांचा सापळा, हेच चित्र लोकांच्या डोक्यात बसलं, ते अजून गेलेलं नाही. त्यामुळे सुटलेलं पोट म्हणजे माणूस ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट! आता आजार बदललाय. 2020 पासून आपल्याकडे डोल्युटेग्राविर असलेली गोळी आली. ती उत्तम आहे, पण काहींचं वजन तिने वाढतं. शिवाय एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. म्हणजे ज्यांना व्यायामाची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच बारीक व्हायची चोरी.

व्यायाम झेपेल का, हा प्रश्न कधीच सुटलाय. 2016 साली 24 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. तब्येत स्थिर असेल तर आठवड्यातून तीनदा, किमान पाच आठवडे दमसास वाढवणारा व्यायाम सुरक्षित आहे आणि त्याने ताकद वाढते, असं त्यात दिसलं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, एवढंच.

पण हे सांगणार कोण? डॉक्टरांपुढे मोठी रांग असते. मित्र म्हणाला, त्याला अर्ध्या गोष्टी त्या रांगेनेच शिकवल्या. आधीच्या गोळीने चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. "झोपताना घे," हे बाकावरच्या एका काकांनी सांगितलं. पुण्यातली एनएमपी प्लस ही संघटना एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीच उभी केली, ती याच भरवशावर. एकाने भोगलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. औषधांचं शहाणपण असं पसरलं, व्यायामाचंही पसरेल. फक्त गोळी घरात दार लावून घेता येते, पळायला रस्त्यावर यावं लागतं.

म्हणून मला वाटतं, तळोद्यासारख्या गावात एचआयव्हीवाल्यांचा वेगळा ग्रुप काढून उपयोग नाही. तो म्हणजे पाठीवर पाटी लावून पळणं. त्यांनी एकमेकांकडून शिकावं केंद्रातल्या बाकावर, आणि पळावं तुमच्याआमच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये, जिथे "तू का पळतोस?" असं कोणी विचारत नाही. शेजारी पळून, घामाने एचआयव्ही पसरत नाही, हे आता वेगळं सांगायला नको. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने माणसाला आपला आजार गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. पण "बारीक झालास"वर कुठला कायदा चालणार?

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही तिघं मित्र गेलो. चहाच्या टपरीवर एकाने विचारलंच, "काय, आज इकडे कुठे?" मित्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या पुणेकराचं पोट कमी करायचंय!"

परवा त्याला फोन केला. म्हणाला, "तू गेल्यापासून बंद. एकट्याने विचित्र दिसतं."

असो. तुमच्या गावात, सोसायटीत पहाटे कोणी एकटं चालताना दिसलं तर सोबत घ्या. आणि कोणी बारीक झालं असेल तर त्याला तसं सांगू नका. त्याच्या घरी आरसा असतो.