माळरान ओसाड नाही हो!

झाड नसलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक, आणि जून उजाडला की भाषणात "हा उजाड माळ हिरवागार करू". २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी झाडं लावायचा संकल्प होता. झाडं लावायला माझा विरोध नाही मंडळी. ती माळावर लावायला आहे. आणि कारण पार हिमयुगापर्यंत जातं, तेव्हा जरा धीर धरा.

आमच्या राहात्याला कालव्याच्या पाण्याने पेरू आणि ऊस आला, त्यामुळे हा मुलूख मुळात कोरडा आहे हे आम्हीच विसरलोय. सह्याद्री पाऊस अडवतो, आणि नगर जिल्ह्याचा बराचसा भाग त्याच्या पर्जन्यछायेत येतो. म्हणजे गवत हे इथलं मूळचं रहिवासी. कोणीतरी जंगल तोडलं म्हणून ते उगवलं असं सरसकट म्हणता येत नाही.

पुरावा? सुमारे २६ ते १९ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. बर्फ आपल्यापर्यंत आला नाही, पण मान्सून दुबळा झाला. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे उत्खननात चक्क शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग काही घनदाट जंगलात धावत नाही! पुढे मान्सून बळावला आणि नंतर पुन्हा कोरडा काळ आला. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाच्या गाळात पानांवरच्या मेणाचे अंश सापडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कोरड्या हवेतल्या वनस्पतींचा वाटा गेल्या सुमारे ४ हजार वर्षांत वाढत गेला.

आता प्राण्यांकडे येऊ. युरोपातल्या जंगली प्राण्यांची गोष्ट अशी, की थंडी वाढली की ते दक्षिणेला स्पेन, इटली, बाल्कनमध्ये आसऱ्याला जायचे आणि बर्फ वितळला की मूठभर पुन्हा उत्तरेला पसरायचे. म्हणून उत्तरेकडे जनुकीय विविधता कमी. गवताळ प्रदेशातल्या बऱ्याच प्राण्यांचं गणित उलटं. थंड-कोरड्या काळात त्यांचं राज्य पसरतं, उबदार-ओल्या काळात आक्रसतं.

आपल्या माळावरचा लांडगा घ्या. जगातले बहुतेक लांडगे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी सायबेरिया-अलास्काच्या बाजूने झपाट्याने पसरलेल्या एकाच लाटेचे वंशज आहेत, असं प्राचीन डीएनए सांगतो. भारतीय लांडगा त्या लाटेतला नाही. तो तिच्याही कितीतरी आधी वेगळा झाला. २००४ च्या आणि २०२१ च्या जनुकीय अभ्यासांनी हेच दाखवलं. पण गोम अशी, की फांदी जुनी असली तरी बारीक आहे. २००४ च्या अभ्यासात या लांडग्यांमध्ये आपापसातली विविधता फारच कमी निघाली. आणि देशात उरलेत सुमारे तीन हजार. म्हणजे जगातली एकमेव जुनी प्रत, आणि बॅकअप नाही. कुठला शहाणा माणूस अशा सर्व्हरवर प्रयोग करेल?

काळवीटाचंही तसंच. बंगलोरच्या आयआयएससीतल्या संशोधकांनी गावोगावच्या लेंड्या गोळा करून डीएनए तपासला, तर उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन गट निघाले. तरीही गटांमध्ये थोडीफार ये-जा दिसते, विशेषतः नरांची. ती ये-जा हीच विविधतेची शिदोरी.

इथे काही लोक म्हणतात, "एवढी हिमयुगं पचवली ना त्यांनी? मग चार झाडांनी काय मरतायत?" युक्तिवाद झकास, पण पोकळ. हिमयुगं पचली कारण सरकायला जागा होती. बदल हजारो वर्षांत झाला, आणि कळप माळामागे माळ चालत गेले. आज आपल्याच जिल्ह्यातलं कर्जतचं रेहेकुरी अभयारण्य आहे २.१७ चौरस किलोमीटर! बाहेर ऊस, कुंपण आणि रस्ते. उरलेल्या माळावर खड्डे खणून गिरीपुष्प लावलं, की गवत सावलीत जातं, धनगरांची चराई बंद होते आणि काळवीट शेतात शिरतो. मग आपणच ओरडतो, काळवीट फार माजलेत म्हणून.

शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याला भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. पण माळ संपवून ते नुकसान कमी होणार नाही, वाढेल.

मागणी साधी आहे. माळाला पडीक म्हणणं कागदोपत्री थांबवा. झाडं गावात, बांधावर, रस्त्याकडेला लावा, हवी तेवढी. आणि लावण्याआधी एकदा विचारा, इथे आधी काय होतं? उत्तर "गवत" आलं, तर कुदळ खांद्यावर टाकून सरळ घरी या. वृक्षप्रेमींना राग येईल, येऊ दे. लांडग्याला मत नाही, म्हणून कोणीतरी बोलायला हवं.