वर्दी की पदवी?

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याच्या बौद्धवाड्यांत एकच प्रश्न विचारला जातो : पोरगा भरतीला जाणार की कॉलेजला? घरात पैसा नसला की उत्तर ठरलेलेच असते. पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी ही पोरे पाहून आम्हाला अभिमान वाटतो, आणि काळजीही वाटते.

अभिमान का, हे रायगडला सांगायला नको. लष्करी शाळांनी आमच्या आधीच्या पिढ्यांना अक्षरओळख दिली. सुभेदार रामजी अशाच शाळेत शिक्षक होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाले आणि पेन्शनीच्या आधारावर अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभारली, गरज सरताच १९२१ साली मोडली. दाराची कडी आमच्या हातात कधीच नव्हती.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे त्यांचा आग्रह होता. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. वर्दी मिळवून दिली आणि पदवीचीही सोय केली.

आजचा हिशेब काय सांगतो? २०२२ साली अग्निपथ योजना आली. सेवा चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवानिधी घेऊन घरी येणार. त्यातला निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. वलंगकरांना जो आधार होता, तो या पोराला नाही. बाविसाव्या वर्षी तो पुन्हा बारावी पासच!

म्हणून भरतीला जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या घरातला पहिला पगार आम्ही हलका लेखत नाही. पण शिपायाच्या रांगेत उभे राहण्याआधी एनडीएचा अर्ज भरा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते, खडकवासल्याला तीन वर्षांत पदवी मिळते आणि पोरगा अधिकारी होतो. आता मुलींनाही तिथे प्रवेश आहे. अग्निवीर झालातच, तर इग्नूने अग्निवीरांसाठी ठेवलेल्या पदवीला नाव घाला. कॉलेज निवडले, तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. ती भीक नव्हे, हक्क आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

विहार कमिट्यांनीही जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग अर्जांसाठी आणि पुस्तकांसाठी काढावा. रविवारच्या वंदनेनंतर तासभर बसून पोरांचे अर्ज भरून द्यावेत.

वर्दी सरकार देते आणि सरकारच उतरवून घेते. पदवी कुणाला उतरवता येत नाही!