पेटीच्या तळाचे कागद

31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब धुळ्यास आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. त्या तारखेला दरवर्षी तेथे जनसमुदाय लोटतो. पण त्या काळचे फोटो, पत्रके आमच्या घरी कोठे आहेत? पेटीच्या तळाशी, वाळवीच्या तोंडी! राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. त्यांची दप्तरे जपायला तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. आमची दप्तरे कोण जपणार?

संग्रहपाल आधी नोंदवही उघडतो: वस्तू कोणाची, कोठली, केव्हाची. जळगाव-धुळ्याच्या भगिनींनो, हे काम घरीही होते. आजी आहे तोवर तिला विचारा. फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने हलकेच नाव लिहा. बॉलपेन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. आणि जुने पत्र लॅमिनेशनला देऊ नका. ते प्लॅस्टिक पुन्हा सुटत नाही.