कमी दिवसांचं बाळ शाळेत जातं तेव्हा

आमच्या गुढियारीत शांतता हा प्रकार नाही. एकीकडे ठोक बाजारातले हमाल आणि गाड्या, दुसरीकडे रेल्वेचे भोंगे. पण त्या दिवशी आमच्या घरात मात्र अगदी चिडीचूप होतं. माझ्या धाकट्या जावेच्या हातात छोटूची शाळेची डायरी होती आणि त्यात लिहिलं होतं, ‘बच्चा ध्यान नहीं देता. घर पर समझाइए.’ त्या महिन्यातला हा तिसरा शेरा.

सासूबाई म्हणाल्या, ‘लाडानं बिघडलाय.’ दीर काहीच बोलले नाहीत, पण रात्री छोटूच्या पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला. जाऊ स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, ‘वहिनी, मीच त्याला नऊ महिने सांभाळू शकले नाही ना!’

छोटू एकतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन चौदाशे ग्रॅम, महिनाभर काचेच्या पेटीत. आता पाच वर्षांचा आहे. पळतो, गाणी म्हणतो, मराठी-हिंदी दोन्ही फाडफाड बोलतो. त्यामुळे पेटीतले ते दिवस सगळे विसरून गेलो होतो. त्या डायरीमुळे मला ते आठवले, आणि आजचा विषय मिळाला.

हे एकट्या छोटूचं नाही

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेलं म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतातली, म्हणजे जगात सर्वांत जास्त.

पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत बाळ नुसतं वजन वाढवत नसतं. मेंदू तेव्हा झपाट्यानं वाढत असतो. पस्तिसाव्या आठवड्यात त्याचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असतं. मेंदूच्या भागांना जोडणारं तारांचं जाळं याच काळात विणलं जातं. हे काम पोटातल्या अंधारात व्हायचं, ते दिव्यांच्या उजेडात, यंत्रांच्या आवाजात आणि सुया टोचून घेत झालं, तर कुठे कुठे वीण सैल राहू शकते.

म्हणूनच बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांमध्ये लक्ष न टिकण्याचा त्रास इतरांपेक्षा दोन ते तीन पट जास्त आढळतो. तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्या घरात एक समजूत असते, की सातव्या महिन्यातलं मूल बरं, आठव्यातलं नाही. ती खरी नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

पुण्यात काय दिसलं

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. तो ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत चालला. बाराव्या वर्षी यांतल्या बऱ्याच मुलांना वाचन आणि गणित जड जात होतं, आणि डोळ्यांनी पाहून हातानं उतरवण्याची कामंही अवघड वाटत होती. अडचण वर्गात बसल्यावरच उघड होते, ती अशी.

अशी मुलं दर वेळी दंगेखोरच असतात असं नाही. काही अगदी गप्प बसतात, पण मन दुसरीकडे असतं. काही लवकर घाबरतात, मुलांत मिसळत नाहीत. गप्प मुलाची तक्रार कोणी करत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जायला उशीर होतो.

आधी काय तपासावं

शिस्त लावण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कमी दिवसांच्या बाळांत या दोन्हींचा त्रास जास्त आढळतो, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही, तो ‘ऐकत नाही’ असंच वाटतं. झोपेचंही पाहा. रात्री घोरणारं, अर्धवट झोपलेलं मूल दिवसा चिडचिड करतं.

मग वय मोजा. छोटूची नियत तारीख ऑगस्टमधली होती, जन्मला जूनमध्ये. त्यामुळे शाळाप्रवेशाच्या वयात तो जेमतेम बसला आणि वर्गात सगळ्यांत लहान ठरला. वेळेवर जन्मला असता तर कदाचित एक वर्ष मागे असता. शाळेला ही गोष्ट सांगायला हवी होती. आम्ही ती सांगितलीच नव्हती.

घरी काय करता येतं

- एका वेळी एकच सूचना. ‘हातपाय धू, कपडे बदल, जेवायला ये’ यातलं शेवटचंच लक्षात राहतं. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, मग सांगा.
- दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. उठणं, आंघोळ, डबा, खेळ, झोप यांची चित्रं काढून भिंतीवर लावा.
- खेळ थांबवायच्या पाच मिनिटं आधी सांगा.
- जमलं की लगेच शाबासकी द्या. ‘शहाणा’ म्हणण्यापेक्षा ‘चप्पल जागेवर ठेवलीस, छान’ म्हणा.
- गणित बोटांनी शिकवा. मणी, चिंचोके, वाटाणे मोजू द्या.
- दोन ते पाच वर्षांच्या मुलाला मोबाईल-टीव्ही दिवसाला एक तासाच्या वर नको, तोही मोठ्यांच्या सोबतीनं. दोनच्या आत अजिबात नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं आहे.
- मारू नका. मारानं लक्ष वाढत नाही, भीती वाढते.

डॉक्टरांकडे कधी

त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकला आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल मध्येच शून्यात पाहून थांबत असेल, किंवा येत असलेलं बोलणं-चालणं मागे जात असेल, तर थांबू नका. सहा वर्षांच्या आत पहिला उपाय सहसा औषध नसतो. मुलाशी कसं वागायचं याचं आईवडिलांना प्रशिक्षण देणं, हाच असतो.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, ज्याला आपल्या छत्तीसगडमध्ये ‘चिरायु’ म्हणतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते, आणि गरज पडल्यास मोफत उपचार मिळतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारा. जाताना रुग्णालयातून मिळालेला जन्माच्या वेळचा कागद न्या. किती आठवडे, किती वजन, किती दिवस पेटीत, हे सगळं त्यात असतं.

आणि आईसाठी

जावेला मी एवढंच म्हटलं, की दिवस कमी पडले, त्यात तुझा हात नव्हता. त्या महिन्यात तू त्याला तासन्‌तास छातीशी धरून बसायचीस, ते मात्र तुझं होतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात छातीशी धरलेल्या अशा बाळांना वीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांच्यात अतिचंचलपणा आणि आक्रमकपणा इतरांपेक्षा कमी आढळला.

दुसऱ्या दिवशी दीर स्वतः शाळेत गेले आणि बाईंना जन्माचा कागद दाखवला. बाईंनी छोटूला खिडकीपासून उठवून पहिल्या बाकावर बसवलं. तक्रारी संपल्या नाहीत, कमी झाल्या. परवा सासूबाई त्याच्यासमोर चिंचोके पसरून बसल्या होत्या. तो सातपर्यंत मोजून उठून पळाला. त्यांनी हाक मारली नाही. सात चिंचोके बाजूला काढले आणि म्हणाल्या, ‘उद्या आठपासून.’