अनुभव निवृत्त होऊ नये

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशाने मोकळा श्वास घेतला. या यशाचे मानकरी अनेक आहेत; त्यांतील हेलिकॉप्टर चालविणाऱ्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस हुतात्मा झाले, तेव्हा विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर होते. तरीही मतदान झाले. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी पोहोचविले ते हेलिकॉप्टरांनी. पुढे वायुदलाने 'त्रिवेणी' मोहिमेत हे काम नित्याचे केले. १३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीतील चार जखमी जवान आकाशमार्गेच नागपूरला आले. ज्या जिल्ह्यात १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या रस्त्यावर सुरुंगाने १५ जवानांचा घास घेतला, तेथे जखमीला रस्त्याने नेणे म्हणजे काय, हे सांगायला नको. हवाई मार्गही निर्धोक नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या बस्तरात मतदान पथक आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि सार्जंट मुस्तफा अली यांना वीरमरण आले.

कोणत्या मोकळवनात यंत्र उतरते, पावसाळ्यात कोणत्या डोंगरामागे ढग अडतात, हे ज्ञान नकाशात नसते, वैमानिकाजवळ असते. तो निवृत्त झाला की ते त्याच्यासोबत जाते. संघर्ष ओसरताना हा धोका अधिकच वाढतो.

अमेरिकेला हा धडा व्हिएतनामने दिला. १९६७ मध्ये तेथे उभारलेले 'सी-वुल्व्ह्ज' हे नौदलाचे हेलिकॉप्टर पथक १९७२ मध्ये मोडण्यात आले; पण १९७६ मध्ये नॉरफोक येथे राखीव दलाचे पथक उभारून ती परंपरा जपली गेली. एरवी नागरी व्यवसाय करणारे हे वैमानिक होते. त्याच परंपरेतील राखीव पथके २००३ मध्ये इराकच्या युद्धात कामी आली. (त्या युद्धाच्या न्याय्यतेचा प्रश्न वेगळा.) पुढे तीही मोडली गेली, हेही नोंदवायला हवे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. राखीव व सहायक वायुदलाचा कायदा संसदेने १९५२ मध्येच केला होता. त्यानुसार दिल्ली, मुंबई आदी नगरांत सहायक पथके उभी राहिली आणि साठच्या दशकात नियमित दलात सामावली गेली. नागरिकाने सैनिकी शिक्षण घ्यावे म्हणून नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले, हेही स्मरावे.

वायुदलाच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय नागपुरात आहे. भद्रावतीत आयुध निर्माणी आहे. सैन्य या परिसराला परके नाही. निवृत्त वैमानिक व तंत्रज्ञ यांचे एक राखीव हेलिकॉप्टर पथक नागपुरात उभारावे, अशी आमची मागणी आहे. खर्चाचा आक्षेप येईल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि प्रसूतीसाठी अडलेल्या वनवासी भगिनीला हेलिकॉप्टरनेच आणावे लागते. आक्षेप घेणाऱ्यांनी एक पावसाळा तेथे काढावा.