यंत्राचा कटऑफ कोण ठरवतो?

'गुणवत्ता' आणि 'कटऑफ' हे दोन शब्द आमच्या समाजाला नवे नाहीत. प्रवेशाच्या प्रत्येक दारावर ते पहारेकऱ्यासारखे उभे असतात. आता हेच शब्द वेश बदलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रात जाऊन बसले आहेत. आमच्या वस्त्यांतल्या अभ्यासिकांमध्ये त्याची चर्चा व्हायला हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा पवईच्या कंपन्यांमध्ये राबणाऱ्या आमच्या मुलामुलींना 'टर्मिनल' माहीत आहे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचे. या काळ्या पडद्यात आता मदतनीस आले आहेत. 'या प्रोग्रॅममधली चूक शोध', 'या फायली तारखेप्रमाणे लाव' असे साध्या भाषेत सांगितले की हा मदतनीस ते काम एआय मॉडेलकडून करून घेतो. पण मॉडेल एक नाही. एक महागडे, एक स्वस्त, एक आपल्याच संगणकावर फुकट चालणारे. कोणता प्रश्न कोणाकडे धाडायचा हे ठरवणारा एक मधला भाग असतो, त्याला राउटर म्हणतात. आपण त्याला सांधेवाला म्हणू. रेल्वेत सांधा बदलणारा गाडीला स्लोच्या रुळावरून फास्टच्या रुळावर घेतो, तसाच हा.

हेतू काटकसरीचा आहे आणि काटकसरीत वाईट काही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'फ्रुगल-जीपीटी' या नावाने ही कल्पना मांडली. २०२४ मध्ये बर्कलेच्या मंडळींनी 'राउट-एलएलएम' ही तयार प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्यात महागड्या मॉडेलला 'स्ट्राँग' आणि स्वस्ताला 'वीक' म्हणतात. 'एडर' या टर्मिनल मदतनीसाच्या सेटिंगमध्येही 'वीक मॉडेल' असा चक्क एक रकाना आहे आणि फुटकळ कामे त्याच्या वाट्याला येतात. शब्द तांत्रिक आहेत हे मान्य. तरीही ज्यांनी पिढ्यान्पिढ्या अशा पाट्या गळ्यात वागवल्या, त्यांचे कान टवकारणारच.

या प्रणालीत सांधेवाला तुमचा प्रश्न वाचून त्याला शून्य ते एक यांच्यामध्ये गुण देतो. ठरवलेल्या आकड्याच्या वर असाल तर बलवान मॉडेल, खाली असाल तर दुबळे. म्हणजे परीक्षा उत्तराची होत नाही, प्रश्नाची होते. विचारणाऱ्याला तोंड उघडताक्षणी जोखले जाते.

ही जोखण्याची विद्या सांधेवाला शिकला कोठे? प्रामुख्याने इंग्रजी प्रश्नांवर. राउट-एलएलएमच्या कर्त्यांनी जाहीर केले की बलवान मॉडेलची ९५ टक्के कामगिरी राखून खर्च ८५ टक्क्यांहून अधिक वाचला. हा आकडा ज्या चाचणीवरचा आहे ती ८० इंग्रजी प्रश्नांची. शाळकरी गणिताच्या चाचणीवर त्याच पद्धतीची बचत ३५ टक्क्यांवर आली. प्रश्नपत्रिका बदलली की सांधेवाल्याची हुशारी बदलते, हे त्यांच्याच आकड्यांतून दिसते. मग मराठी प्रश्नपत्रिकेवर तिचे काय होईल? तेही पुस्तकी नव्हे, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बोलल्या जाणाऱ्या मराठीवर?

समजा एखादी मुलगी विचारते, 'जातीचा दाखला बाबांच्या गावचा आहे, उत्पन्नाचा मुंबईचा, आडनावात एक अक्षर वेगळं आहे, महाडीबीटीवर अर्ज कसा भरू?' वाक्य छोटे, शब्द घरगुती. पण आत तीन कागद, दोन जिल्हे आणि एका वर्षाची शिष्यवृत्ती अडकली आहे. जड इंग्रजी शब्दांनाच कठीण समजणारा सांधेवाला हा प्रश्न 'सोपा' म्हणून दुबळ्या मॉडेलकडे ढकलू शकतो. तिकडून खणखणीत भाषेत चुकीचे उत्तर आले तर मुदत निघून जाईल, आणि दोष मुलीच्या माथी मारला जाईल.

दुसरा मुद्दा पैशाचा. ही यंत्रे मजकुराचे तुकडे पाडतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि प्रोग्रॅमद्वारे वापरताना बिल टोकनवर लागते. मे २०२४ मध्ये ओपन-एआय कंपनीने स्वतः नमुना दिला. एकाच मजकुराला जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकन लागत होती, तर मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४ आणि मराठीला ३३. सुधारणा मोठी आहे, नाकारू नये. पण जुन्या हिशेबात मराठी माणूस त्याच गोष्टीला साडेतीनपट मोजत होता. काही मदतनीस टोकनांच्या संख्येवरूनच मार्ग बदलतात. तिथे मराठी मजकूर हद्दीला लवकर टेकतो, आणि हे कोणी मुद्दाम केलेले नसते. विषमता टिकवायला नेहमी दुष्ट माणूस लागत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

तिसरा मुद्दा थेट जातीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने जीपीटी-५ ची तपासणी छापली. गाळलेल्या जागा भरण्याच्या १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत त्याने जातीय पूर्वग्रहाचाच शब्द निवडला. जुन्या जीपीटी-फोर-ओने ४२ टक्के वाक्ये पुरी करायला नकार दिला होता. म्हणजे दोन मॉडेल आमच्याशी दोन तऱ्हेने वागतात. मधला सांधेवाला न सांगता एकाकडून दुसऱ्याकडे नेत असेल, तर अपमान कोणी केला हेसुद्धा आम्हाला कळणार नाही!

मुलुंडच्या फलाटावर उभा असलेला प्रवासी इंडिकेटर पाहतो. फास्ट की स्लो, किती डब्यांची, हे वाचून तो स्वतः ठरवतो. इथे इंडिकेटरच नाही. जीपीटी-५ ७ ऑगस्ट २०२५ रोजी आले तेव्हा त्याचा सांधेवाला पहिल्याच दिवशी काही तास बंद पडला. उत्तरे मठ्ठ येऊ लागली आणि कंपनीच्या प्रमुखांना तसे कबूल करावे लागले. कोणते मॉडेल उत्तर देत आहे हे अधिक स्पष्ट करू, असे आश्वासन त्यांनी दिले. त्याच वर्षी डिसेंबरात फुकट आणि स्वस्त वर्गणीच्या गिऱ्हाइकांसाठी हा सांधेवाला काढून त्यांना सरसकट जलद मॉडेलवर बसवण्यात आले. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही.

तरीही या काळ्या पडद्यापासून पळू नये असेच मी म्हणेन. मोबाइलवरच्या चकचकीत खिडकीत सांधा कंपनीच्या हातात असतो. टर्मिनलमधल्या खुल्या मदतनीसात मात्र तो एका साध्या फायलीत लिहिलेला असतो. ती उघडता येते, वाचता येते, आकडा बदलता येतो. मराठी प्रश्न सरळ बलवान मॉडेलकडे जाईल असा नियम घालता येतो. प्रत्येक उत्तराखाली मॉडेलचे नाव छापून घेता येते. विक्रोळीच्या किंवा घाटकोपरच्या अभ्यासिकेत चार मुले एक रविवार बसली, आपल्या बोलीतले शंभर प्रश्न लिहून काढले आणि कोणता प्रश्न कोठे गेला याची वही केली, तर तो पुरावा होईल. नुसत्या भाषणाने तो तयार होत नाही.

पवईची आयआयटी आपल्याच उपनगरात आहे. मराठी शब्दबंध तिथेच घडला. 'भारतजेन' हा केंद्राच्या पैशाचा प्रकल्पही तिथूनच चालतो. त्याचे २०२५ चे परम-१ हे मॉडेल हिंदी आणि इंग्रजीचे होते, मराठीचा नंबर नंतर लागला. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'महाविस्तार' हे ॲप आणले. उद्या शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीच्या खिडकीवरही असा मदतनीस बसेल. तेव्हा त्याच्यामागे किती मॉडेल आहेत, सांधा कोणत्या आकड्यावर बदलतो आणि तो आकडा कोणत्या भाषेतल्या प्रश्नांवर तपासला, या तीन गोष्टी खिडकी उघडण्याआधी जाहीर करा, अशी लेखी मागणी आमच्या संघटनांनी आत्ताच नोंदवावी. सॉफ्टवेअरच्या निविदा एकदा निघाल्या की कोणी ऐकत नाही.